उताराची गादी

गफूर पिंजारी झोपेतून कधी एकदम उठला न्हाई. मी त्याचा भिंतीला भिंत शेजारी. जुन्या जालन्यातल्या त्या एकाच गल्लीत आम्ही दोघं म्हातारे झालो, म्हणून हे मी सांगू शकतो. उन्हाळ्यात आमची सगळी गल्ली बाहेर खाटा टाकून झोपते. घरं पत्र्याची, आत नुसती भट्टी. उजाडलं की बाकीचे लोक खाटेवरून उड्या मारून नळाकडं पळतात, कारण पाणी आलेलं असतं आणि कधी जाईल त्याचा भरोसा न्हाई. गफूर मात्र डोळे उघडून तसाच पडलेला. मंग उजव्या कुशीवर वळायचा. मंग हातावर जोर देऊन बसायचा. पाय खाली सोडून हवेत सायकल चालवल्यासारखे हलवायचा. मुठी आवळायचा, सोडायचा. उशापासच्या तांब्यातलं पाणी घोट घोट प्यायचा. एवढं झाल्यावर उभा राहायचा, आणि उभा राहिला तरी लगेच चालायचा न्हाई. इकडं तिकडं बघायचा, जसा काही एस्टीतून परगावात उतरलाय.

गल्ली असं सोडती व्हय?

"गफूरभाई, आज सायकल कुठवर गेली?"

"बदनापूरपर्यंत. पुढं चढ हाय."

"तिकडं नळ गेला ना तुमचा!"

"नळ उद्या बी येईल. मी पडलो तर मला कोन भरून आणणार, तू?"

माणूस काटकुळा. लुंगी, बनियन, आणि भुवयांवर कायम कापूस. तरुण होता तेव्हापासून त्याच्या भुवया पांढऱ्या. पिकल्या कधी ते कुणालाच कळलं न्हाई. दुकानात कापूस पिंजायचं यंत्र आणलं तरी बापाची हातानं पिंजायची धनुकली त्यानं खुंटीला टांगून ठेवलीच, आणि मनासारखं गिऱ्हाईक असलं की शेवटचा हात तिचाच. तंय तंय आवाज आला की आम्ही समजायचो, आज गफूर खुशीत हाय.

हे उठायचं खूळ त्याच्यात आलं कुठून, ते त्यानं मला एकदाच सांगितलं. त्याचे अब्बा दुपारचे दुकानातच कापसाच्या ढिगावर आडवे झाले होते. बाहेरून कुणीतरी बोंब मारली, "आग! आग!" कापसाच्या दुकानात हा शब्द कसा लागतो ते वेगळं सांगायला नको. म्हातारा झोपेतून सरळ उभाच राहिला, दाराकडं धावला, आणि डोळ्यापुढं अंधारी येऊन पायरीच्या दगडावर पडला. तिथंच संपला. आग नव्हतीच. मागच्या वाड्यात कुणी पाणी तापवायला ओल्या गवऱ्या पेटवल्या होत्या, त्याचा धूर.

"लोक म्हणले, दगडानं गेले," गफूर म्हणला. "मी म्हणतो, त्या बोंबेनं गेले. माणूस उठला, किसन्या, पण त्याचं रक्त उठलं न्हवतं."

त्या दिवसापासून झोपलेल्या माणसाला त्यानं हाक मारली न्हाई आणि दुसऱ्यालाही मारू दिली न्हाई. कुणाला उठवायचंच असलं तर पायथ्याशी बसायचा, चादरीवरून अंगठा दाबायचा, मंग तळवा, मंग पोटरी. तोंडानं नाव सगळ्यात शेवटी, ते बी हळू. म्हणायचा, "पायाला आधी कळू दे. डोक्याचं काय घाईचं काम हाय?"

या खुळापायी त्यानं कचऱ्याच्या गाडीशी भांडण मांडलं. नगरपालिकेची गाडी सकाळी येते, वर भोंगा, भोंग्यावर गाणं, आणि ते गाणं नेमकं आमच्या खाटांपाशी येऊन सुरू व्हायचं. सगळी गल्ली दचकून बसती व्हायची. गफूर एक दिवस गाडीपुढं उभा राहिला. डायवर म्हणला, "चाचा, सरका. गाणं न्हाई लावलं तर साहेब मला बोलतो."

"लाव ना. मना कोन करतं? पर कोपऱ्यावरून लाव. आधी बारीक. मंग इथवर येईपर्यंत मोठं कर. सूरज कसा निकलता? एकदम निकलता क्या?"

डायवर डोकं खाजवत गेला. पण दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरून बारीक आवाज आला आणि वाढत वाढत इथवर आला. पुढं त्या डायवरनं लग्नाची गादी गफूरकडूनच भरून घेतली.

लग्नाच्या गादीवरून आठवलं. गिऱ्हाईक आलं की गफूर आधी लांबी-रुंदी विचारायचा न्हाई, विचारायचा, "उठता कसे?" एकदा अंबडकडचे एक पाटील पोराच्या लग्नाच्या गाद्या सांगायला आले. पांढरे कपडे, तोंडात पान. गफूरनं विचारलं, "नवरदेव सकाळी कसा उठतो? झटकन का सावकाश?"

पाटलांनी पान थुंकलं. "तुम्हाला गादी शिवायचीय का पोरगी द्यायचीय?"

मी बाजूलाच बसलेलो. हसून माझा ठसका काही थांबेना. गफूर आपला शांत. "झटकन उठत असंल तर गादी कडक देतो. मऊ गादीतून झटकन उठणारा माणूस झोकांडी खातो." पाटलांनी कडक नेली.

आता माझ्या बायकोचं. द्वारका तिचं नाव, माहेर शहागड. गोदावरीकाठची पोर, पाण्यात उडी मारावी तशी झोपेतून उठायची. डोळा उघडला की पाय जमिनीवर. गफूरच्या सायकलीवर सगळ्यात जास्त तीच हसायची. "गफूरभाऊ, तुमची सायकल बदनापूरला पोचेपर्यंत माझा सडा, चहा, भाकरी सगळं होऊन जातं."

"भाभी, सडा कुठं पळून राह्यला का?"

"सडा न्हाई पळत. दिवस पळतो."

तिला साखर होती, बरीच वर्षं. नंतर बीपीची गोळी लागली. मंग कधीतरी ती सकाळी भिंत धरायला लागली. मला दिसलं न्हाई असं न्हाई, पण मी म्हणलं वय झालं. गफूरनं मला दुकानात बसवून विचारलं.

"भाभी भिंत धरून चालून राह्यली."

"म्हातारी झाली, धरणारच."

"म्हातारी दिवसभर धरती. ही फक्त उठल्यावर धरती. दुपारी तर माझ्याशी भांडायला सरळ चालत येती."

त्याच आठवड्यात ती रांजणापाशी पडली. मुका मार होता, हाड वाचलं. पण मला धास्ती बसली. माझ्या आईचं खुब्याचं हाड असंच सकाळी पडून मोडलं होतं, आणि ती परत खाटेवरून उठली न्हाई. द्वारकेचं बी तसंच होणार, हे माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. तिला मरणाचं भय न्हवतं. ती म्हणायची, "मेले तर मेले. पण मला कुणी धरून मोरीत नेऊ नका." सकाळी आपल्या पायानं उभं राहायचं आणि आपल्या हातानं दारात सडा टाकायचा, एवढंच तिचं मागणं होतं. माझं बी तेच.

डॉक्टरीणबाईंकडं गेलो. गफूर बरोबर आला आणि आमच्याआधी खुर्चीवर जाऊन बसला. बाई तरुण, पण ऐकून घेणारी. तिनं द्वारकेला आडवं पाडून दाब मोजला, मंग उभं करून मोजला, मंग जरा थांबून परत मोजला. मंग आम्हाला समजेल असं सांगितलं. झोपेत काळीज निवांत चालतं, नाडी धिमी, रक्ताचा दाब खाली. जाग येताना शरीर त्याला वर आणतं. माणूस उभा राहिला की रक्त पायाकडं उतरतं, तेव्हा नसा आवळतात, काळीज जरा जोरात चालतं आणि रक्त डोक्यापर्यंत पोचतं. आपल्याला याचा पत्ता बी लागत न्हाई. द्वारकेच्या नसांना साखरेनं सुस्ती आलीय, त्यात गोळी जरा जास्त होतीय. डोक्याला रक्त पोचायच्या आधीच ती उभी राहती.

गफूरनं माझ्याकडं असं पाहिलं, जसा काही खटला जिंकला. मंग बाईंना म्हणला, "उजव्या कुशीवरून उठायचं ना? डाव्या बाजूनं काळजावर वजन पडतं."

बाई हसली. "चाचा, कूस कोणतीही चालेल. घाई तेवढी नको." तिनं गोळी कमी केली. उठायच्या आधी पाणी प्या, बसून पाय हलवा, मंग उभ्या राहा, असं सांगितलं. आणि झोपताना डोक्याकडची बाजू उंच ठेवा, अंगाला उंचीची सवय राहते, म्हणली.

बाहेर आल्यावर गफूर पुटपुटला, "बाकी समदं बराबर. कुशीचं तिला माहीत न्हाई." तो शेवटपर्यंत उजव्याच कुशीवरून उठला.

मी खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावल्या. झालं असं की द्वारका झोपायची वर आणि सकाळी सापडायची खाली, पाय खाटेच्या बाहेर. म्हणली, "सासरहून माहेरला निघाल्यासारखी मी रोज घसरून राह्यले. काढा त्या विटा."

तेव्हा गफूर म्हणला, मी उताराची गादी करतो. उशाकडं जाड, पायाकडं पातळ, आन् मधी कंबरेला जरा अडवून धरणारी.

आता हे त्याच्यासाठी काय होतं ते सांगतो. गफूरची गादी म्हणजे सपाट. गादी शिवून झाली की मधोमध लिंबू ठेवायचा. लिंबू जागचं हललं तर गादी उसवायची, परत भरायची. सगळ्या जालन्यात त्याची तीच इज्जत. आणि तोच माणूस दुकानात बसून मुद्दाम वाकडी गादी भरत होता. येणारा-जाणारा थांबायचा. "गफूरभाई, नजर गेली का हात गेला?" गफूर तोंडात दोरा धरून म्हणायचा, "अक्कल आली."

पहिली गादी झाली. द्वारका त्यावर झोपली आणि खूश झाली. सकाळी बसायची, पाणी प्यायची, पाय हलवायची, उभी राहायची. मी श्वास सोडला. पण कापूस हा बी पाण्यासारखाच. त्यानं टाके नेहमीच्या गादीसारखे लांब लांब घातले होते. सपाट गादीत चालतं ते. उतारावर कापूस हळूहळू खाली सरकत गेला, आणि खोळीमुळं वरून काही दिसलं न्हाई. उशाचा भाग बसला, पायाकडचा फुगला. म्हणजे ती पाय वर आणि डोकं खाली अशी झोपत होती, आम्हाला वाटत होतं बरोबर झोपलीय. एका सकाळी उभी राहिली ती कोसळलीच. मनगट मोडलं.

गफूरनं गादी चाचपली. जिथं कापूस गोळा झाला होता तिथं त्याचा हात थांबला. घरी गेला आणि दुकान उघडलंच न्हाई. आज न्हाई, उद्या न्हाई. त्याचा पोरगा सलीम म्हणला, "अब्बा जेवत न्हाईत. म्हणतात, माझ्या अब्बांना कुणाच्या तरी बोंबेनं मारलं, भाभीला मी पाडलं."

मी समजवायला गेलो, त्यानं दार उघडलं न्हाई. मंग द्वारकाच गेली, गळ्यात हात अडकवलेला. दुसऱ्या हातानं कडी वाजवली. अख्खी गल्ली ऐकत होती.

"गफूरभाऊ, बाहेर या."

तिनं परत कडी वाजवली.

"मला गादीनं पाडलं, तुम्ही न्हाई पाडलं. अन् तुम्हीच पाडलं म्हणत असाल तर मंग उचलायला बी तुम्हीच या. आत बसून काय अंडी घालून राह्यलात?"

दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे लाल. "भाभी, माझ्याकडनं व्हायचं न्हाई आता. उतारावर कापूस थांबत न्हाई."

द्वारका पायरीवर बसली. "शहागडला आमचं वावर नदीकडं उताराचं. पाऊस पडला की माती खाली वाहून जायची. बापानं काय केलं, वावर सोडलं का? आडवे बांध घातले. थोडं थोडं वावर, मंग बांध, मंग वावर. तुमच्या कापसाला घाला की बांध."

गफूर आत वळला. मंग घरात ओरडला, "सलीम! दाभण कुठं ठेवलंय माझं?"

दुसऱ्या गादीला त्यानं आडवे खण पाडले. प्रत्येक खण वेगळा भरला, वेगळा शिवला, आणि कापूस धनुकलीनं पिंजला. आवाज गल्लीभर. झाल्यावर तो स्वतःच तिच्यावर आडवा झाला, बघायला, आणि भर दुपारी दुकानाच्या दारात घोरायला लागला. गिऱ्हाईक येऊन उभं. कुणी हाक मारेना, कारण हाक मारली तर तोच शिव्या देणार. शेवटी मी जाऊन त्याचा अंगठा दाबला. डोळे उघडून म्हणला, "चांगली झाली."

तो रोज येऊन आधी गादीच्या खणांवरून हात फिरवायचा, मंग चहा. ही गादी हलली न्हाई. द्वारका परत पडली न्हाई. त्या उन्हाळ्यात सकाळी गल्लीत दोन खाटांवर दोन सायकली चालायच्या, इकडं ही, तिकडं तो. पोरं ओरडायची, "कोण पुढं?" द्वारका म्हणायची, "मी सेलगाव सोडलं. गफूरभाऊ अजून टपरीवर चहा पिऊन राह्यलेत." मंग ती उठून उभी राहायची, इकडं तिकडं बघायची, आणि सड्याची बादली उचलायची. ते बघून मला जे वाटायचं ते मला लिहिता येत न्हाई.

गेल्या थंडीत ती गेली. छातीत कफ भरला, ताप आला, दवाखान्यात नेली, परत आणली ती तशी. पडून न्हाई गेली. दवाखान्यात न्यायच्या सकाळी बी ती आपल्या पायानं उभी होती आणि रिक्षात आपल्या पायानं चढली.

आमच्यात गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत न्हाईत. भावकीतले म्हणले, नदीवर टाकून येऊ. गफूर दारात उभा होता. म्हणला, "कापसाला काय सुतक?" आणि गादी खांद्यावर टाकून घेऊन गेला. कुणी त्याला अडवलं न्हाई. महिन्याभरानं तोच कापूस परत पिंजून त्यानं मला गादी आणून दिली. एकदम सपाट. मी म्हणलं, "मला उतार न्हाई का?" म्हणला, "तू बैल हायेस. तुला काय होतंय? झोप." आणि माझ्या खाटेवर बसून राहिला. नंतर त्यानंच डोळे पुसले आणि म्हणला, "कापूस जातो डोळ्यात."

पावसाळा सरता सरता त्याची छाती दुखली. सलीमनं मोठ्या दवाखान्यात नेलं. काळजाची एक नळी बंद होती, ती मोकळी केली, पण काळीज आधीच थकलं होतं म्हणले. मी भेटायला गेलो ती शेवटची भेट, म्हणून बारीकसारीक सगळं ध्यानात हाय.

सकाळ होती. आत एकालाच सोडत होते. सिस्टरनं सांगितलं, "झोपलेत, उठवू नका बाबा. थोडा वेळ बसा आणि जा." मी स्टुलावर बसलो. छातीला वायरी चिकटवलेल्या, उशापाशी टीव्हीसारखा पडदा, त्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती आणि बाजूला एक आकडा. भुवया तशाच पांढऱ्या, पण आता तिथं कापूस न्हवता.

मी त्याच्याकडं बघण्यापेक्षा त्या आकड्याकडंच बघत होतो. एकाच ठिकाणी होता, निवांत. मंग तो हलला. हळूहळू वर सरकायला लागला. गफूरचे डोळे मिटलेले, हात तसाच पडलेला, चेहऱ्यावर काही न्हाई, आणि आकडा मात्र वर चाललेला. मी घाबरून सिस्टरला हाक मारली. तिनं पाहिलं. "काही न्हाई बाबा. जाग येतीय त्यांना. आधी ठोके वाढतात, मंग माणूस डोळे उघडतो."

म्हणजे माणूस झोपेतच असतो आणि त्याचं काळीज उठून कामाला लागलेलं असतं. हे त्याला सांगावं म्हणून मी पुढं वाकलो. त्याचे डोळे उघडले. बराच वेळ वर पत्र्याकडं बघावं तसा बघत राहिला. मंग मान माझ्याकडं वळवली. मला ओळखलं, पण दिवस कोणता, साल कोणतं, ते काही त्याच्या ध्यानात न्हवतं.

"किसन्या. भाभी उठली का?"

मी म्हणलं, "उठली."

"आपल्या पायानं?"

"आपल्या पायानं. सडा टाकला. चहा बी ठेवला तिनं."

"अच्छा," तो म्हणला, आणि डोळे मिटले.

सिस्टर म्हणली, "बाबा, वेळ झाली तुमची."

मी म्हणलं, "त्याचं काळीज बी झोपू दे. तो आकडा खाली येऊ द्या. मंग जातो."